पांडा आता धोक्यात नाही का? लेकीला काय सांगू?

सिंगापूरची आई:
नमस्कार मंडळी. आम्ही सिंगापूरला असतो, इथल्या रिव्हर वंडर्स प्राणिसंग्रहालयात काई काई आणि जिया जिया ही पांडाची जोडी आहे. 2021 ला त्यांना ले ले हे पिल्लू झालं, तेव्हा माझी लेक चार वर्षांची होती, दर सुट्टीला त्याला बघायचा हट्ट. 2024 च्या जानेवारीत तो चीनला गेला त्या दिवशी ती जेवलीच नाही. आता शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तिने पांडा नामशेष होतोय असं लिहिलं तर टीचर म्हणाल्या आता तसं नाही, धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलाय. खरं काय आहे? आणि चीनच्या केंद्रांत माणसं पांडाची एवढी पिल्लं जन्माला घालतात तर जंगलात का सोडत नाहीत?

बापू:
ताई, यादीतून काढलेला नाही, एक पायरी खाली आणलाय. 2016 ला आययूसीएनने, म्हणजे ही यादी ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, एन्डेंजर्डमधून (संकटग्रस्त) व्हल्नरेबलमध्ये (असुरक्षित) टाकला, म्हणजे अजून जपायलाच हवाय. 80 च्या दशकातल्या मोजणीत जंगलात 1114 भरले होते, मग 1596 आणि 2015 ला जाहीर झालेल्या मोजणीत 1864. हे आपोआप झालं नाही हो, 1998 च्या यांगत्सेच्या महापुरानंतर चीनने तिकडची जंगलतोड थांबवली, उतारावरची शेती सोडायला शेतकऱ्यांना धान्य आणि पैसे दिले, अभयारण्यं वाढत 67 झाली. मला तर ही फार मोठी गोष्ट वाटते.

रानवाटा_गडचिरोली:
आकडा बरोबर आहे पण खरी गोम वेगळी आहे. हे 1864 एका जंगलात नाहीत, सिचुआन, शान्शी, गान्सूच्या डोंगरांत 33 तुकड्यांत विखुरलेत, काही तुकड्यांत तर दहासुद्धा नाहीत. आमच्याकडे बांबू फुलला की बेटंच्या बेटं वाळून जातात, हे इथल्या कुणालाही विचारा. तिकडेही तेच होतं, आणि पांडा दुसरं काही खातच नाही म्हटलं तरी चालेल, दिवसाला 12 किलोपासून 38 किलोपर्यंत बांबू लागतो. पूर्वी एका खोऱ्यातला बांबू मेला की जनावर उठून पलीकडच्या खोऱ्यात जायचं, आता मधे शेती, रस्ते, धरणं. 1970 च्या दशकात मिन्शान डोंगरात बांबू फुलून वाळला तेव्हा किमान 138 पांडा मेलेले सापडले. म्हणून मी म्हणतो मोजणी नंतर, आधी कॉरिडॉर, म्हणजे जंगलं जोडणारे पट्टे, बघा. चिनलिंग डोंगरात हायवे बोगद्यातून गेला आणि वरचा जुना रस्ता मोकळा झाला, तिथे त्यांनी बांबू लावून दोन जंगलं जोडायला घेतली. असं काम मला दहा पिल्लांपेक्षा मोलाचं वाटतं.

मृणाल_पुणे:
पिल्लांचं मी सांगते, चीनमधल्या चेंगदूच्या पांडा केंद्रात जाऊन आलेय. काचेपलीकडे नुकतं जन्मलेलं पिल्लू बघितलं, गुलाबी, जेमतेम शंभर ग्रॅम, अंगाच्या साबणाच्या वडीएवढं, आणि शेजारी ती केवढी थोरली आई. मादी वर्षातून दोन-तीन दिवसच माजावर असते, त्यामुळे तिथल्या लोकांची मेहनत बघून मला भरूनच आलं. पण जंगलात सोडणं वेगळं. 2006 ला श्यांग श्यांग नावाच्या नराला वोलोंगच्या अभयारण्यात सोडलं, बहुतेक जंगली नरांशी मारामारी झाली असावी, 2007 ला तो मेला. त्यानंतर पद्धत बदलली. सोडायचं पिल्लू आईबरोबर मोठ्या कुंपणातल्या जंगलात वाढवतात, आणि कर्मचारी पांडाचा पोशाख घालून, त्याला पांडाच्या मुताचा वास लावून आत जातात, म्हणजे पिल्लाला माणसाची सवय लागू नये. ताओ ताओ असा वाढला, 2012 ला लिझीपिंगच्या अभयारण्यात सोडला. ले ले माणसांसमोर वाढलाय, त्याला असं सोडणं अवघडच.

बापू:
@रानवाटा, पटलं. एक भर घालतो, पांडा वाचला म्हणजे सगळं जंगल वाचलं असं मी समजत होतो. पण 2020 ला आलेल्या अभ्यासात दिसलं की त्याच पट्ट्यातले बिबटे, हिमबिबटे, लांडगे, रानकुत्री फार कमी झालीत. त्यांना पांडापेक्षा कितीतरी मोठं रान लागतं. 2021 ला तिथे अभयारण्यं जोडून जवळपास 22 हजार चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क केलंय, त्याचा या जनावरांनाही उपयोग व्हावा असं फार वाटतं.

सिंगापूरची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं, ले लेचं ऐकून जरा गप्प झाली. मग तिने तक्त्यावर दोन डोंगर काढले, मधे रस्ता, आणि आता रस्त्यावर बांबू चिकटवत बसलीय. @रानवाटा, फुललेला बांबू कसा दिसतो? तुमच्याकडे फोटो असेल तर टाका ना, तिला तोही काढायचाय.