सीएनसी प्लाझ्मा टेबलावर टॉर्च आदळून तुटतो: ब्रेकअवे माउंट (धक्का बसताच टॉर्च सुटू देणारा धारक) बसवावा, की मूळ दोष दुसरीकडे आहे?

प्रश्न: चिंचोळी_फॅब्रिकेशन

नमस्कार. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आमचे छोटे फॅब्रिकेशन युनिट आहे. दीड बाय तीन मीटरचे सीएनसी टेबल, एअर प्लाझ्मा आणि ३५ मिमी व्यासाचा सरळ मशीन टॉर्च (याच्या टोकातून निघणारा आर्क प्लेट कापतो) अशी मांडणी आहे. साखर कारखान्यांची गाळपाआधीची दुरुस्तीची कामे सुरू झाली की ६ ते १२ मिमी जाडीच्या प्लेटमधून गसेट (जोडाला बळकटी देणारा तुकडा), बेस प्लेट आणि फ्लँज कापण्याचे काम दिवसभर चालते.

गेल्या तीन महिन्यांत आमचा टॉर्च दोनदा निकामी झाला. पहिल्या वेळी कापून सुटा झालेला गसेट प्लेटला आधार देणाऱ्या टेबलाच्या पट्ट्यांमध्ये तिरका उभा राहिला आणि पुढच्या जॉबकडे वेगाने निघालेला टॉर्च त्याच्यावर जाऊन आदळला; टॉर्चचे डोके तडकले आणि क्लॅम्पही वाकला. दुसऱ्या वेळी कोपऱ्यावर वळताना टॉर्च स्वतःच खाली उतरला, शील्ड (टोकावरचे संरक्षक कवच) प्लेटवर घासली आणि नोझल वितळून चिकटले. पुरवठादाराने टॉर्च साध्या क्लॅम्पमध्ये घट्ट आवळून दिलेला आहे, त्यामुळे धक्का बसला की तो सगळा टॉर्चच सोसतो.

जलद हालचालीचा वेग मिनिटाला १५ मीटर ठेवला आहे. वेळ वाचावा म्हणून दोन जॉबच्या मध्ये टॉर्च फक्त १० मिमी उचलला जातो. चुंबकीय ब्रेकअवे माउंट विकत घ्यावा, की इथल्याच टूलरूममधून करून घ्यावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: अक्कलकोट_रोड_कटिंग

आपण माउंटबद्दल विचारले आहे, पण आपले दोन्ही अपघात वेगवेगळ्या कारणांचे आहेत आणि माउंट त्यांपैकी एकाही कारणावर उपाय नाही. माउंट आदळल्यानंतरचे नुकसान कमी करतो. आदळणे थांबवायचे असेल तर प्रोग्रॅम आणि टीएचसी (टॉर्चची उंची आपोआप राखणारे नियंत्रण) या दोन ठिकाणी पाहावे लागेल.

पहिल्या अपघाताचे मूळ त्या १० मिमीमध्ये आहे. १५० मिमी लांबीचा गसेट पट्टीवर तिरका झाला, तर त्याचे टोक सहज ४०-५० मिमी वर येते. कट संपल्यावर टॉर्च किमान तेवढ्या उंचीच्या वर गेल्याशिवाय आडवा सरकू नये. त्यात प्रत्येक जॉबमागे जाणारे एक-दोन सेकंद तुटलेल्या टॉर्चच्या किमतीपुढे काहीच नाहीत. त्याचबरोबर नेस्टिंगमध्ये (प्लेटवरच्या जॉबच्या मांडणीत) क्रम असा ठेवावा की टॉर्च कापून झालेल्या भागावरून परत जाणारच नाही. जॉबमधली भोके आधी, बाहेरची कड शेवटी आणि पुढचा जॉब न कापलेल्या बाजूला, हा क्रम आम्ही कधी मोडत नाही. पट्ट्यांमधल्या अंतरापेक्षा थोडेच मोठे असलेले तुकडे सर्वांत जास्त उलटतात. त्यांना प्लेटशी जोडून ठेवणारा एक-दोन मिमीचा टाका ठेवावा आणि नंतर ग्राइंडरने तो काढून टाकावा.

दुसरा अपघात टीएचसीचा दिसतो. टीएचसी आर्कच्या व्होल्टेजवरून उंची ओळखतो; व्होल्टेज वाढला की टॉर्च वर गेला आहे असे धरून तो त्याला खाली आणतो. कोपऱ्यावर गॅन्ट्रीचा (टॉर्च वाहून नेणाऱ्या सरकत्या चौकटीचा) वेग कमी होतो, कट रुंद होतो, आर्क लांबतो आणि उंची बदललेली नसतानाही व्होल्टेज वाढतो. आधीच्या कटवरून टॉर्च ओलांडून जातो तेव्हाही नेमके हेच घडते. म्हणून प्रत्यक्ष वेग ठरवलेल्या वेगाच्या ठरावीक टक्क्यांखाली गेला की टीएचसी गोठवण्याची सोय आपल्या कंट्रोलरमध्ये असेल, तर ती चालू करावी. आम्ही ती ९० टक्क्यांवर ठेवली आहे. लहान भोकांसाठी टीएचसी पूर्ण बंद ठेवलेला बरा.

इलेक्ट्रोडकडेही लक्ष द्यावे. त्याच्या टोकातला हाफ्नियम धातू झिजून खड्डा पडला की त्याच उंचीवर व्होल्टेज जास्त येतो, त्यामुळे सेट व्होल्टेज न बदलता जुना इलेक्ट्रोड वापरत राहिल्यास टॉर्च दिवसागणिक प्लेटच्या जवळ जात राहतो. संध्याकाळच्या पाळीत शील्ड घासत असेल आणि सकाळी घासत नसेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

उत्तर २: टूलरूम_सोलापूर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, तरीही माउंट हवाच, कारण प्लेट तापून वर उचलली जाणे कोणत्याही प्रोग्रॅमला आधी कळत नाही. आम्ही असे माउंट केले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रचना अवघड नाही. अॅल्युमिनियमच्या दोन प्लेट घ्याव्यात. एकीवर १२० अंशांच्या अंतराने बेअरिंगचे तीन कडक गोळे आणि दुसरीवर त्यांच्यासमोर डॉवेल पिनच्या तीन जोड्या, म्हणजे प्रत्येक गोळा दोन पिनांच्या खाचेत बसेल. एकूण सहा स्पर्शबिंदू होतात आणि टॉर्च पडून पुन्हा बसवला तरी तो त्याच जागी येतो. दोन सपाट प्लेट नुसत्या चुंबकांनी चिकटवल्या, तर ही अचूकता कधीच मिळत नाही. चुंबक प्लेटच्या पृष्ठभागापेक्षा अर्धा मिमी आत बसवावेत, म्हणजे सगळा भार गोळ्यांवरच राहील. प्लाझ्माची लोखंडी धूळ चुंबकांवर दाट साचते आणि खाचेत शिरली की टॉर्च तिरका बसतो, त्यामुळे रोज सकाळी दोन्ही भाग उघडून पुसणे हे काम ऑपरेटरला नेमून द्यावे. साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतात, म्हणून ते टॉर्चच्या टोकापासून शक्य तितके वर ठेवावेत.

चुंबकांची ताकद अंदाजाने ठरवू नये. समजा, चुंबकांची एकत्रित ओढ १२० न्यूटन आहे आणि माउंट ज्या कडेवर उघडणार तिथून ती ३० मिमी आत आहे. धरून ठेवणारा मोमेंट ३.६ न्यूटन-मीटर झाला. टॉर्चचे टोक २०० मिमी खाली असेल, तर टोकावर सुमारे १८ न्यूटनचा, म्हणजे पावणेदोन-दोन किलोच्या वजनाइतका धक्का बसला की माउंट सुटेल. दुसरीकडे दीड किलोचा टॉर्च २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग प्रवेगाने हलताना, त्याचे गुरुत्वमध्य १०० मिमी खाली धरले, तर केवळ ०.३८ न्यूटन-मीटरचा मोमेंट निर्माण होतो. दोन्हींत नऊ-दहा पटींचे अंतर आहे, त्यामुळे जलद हालचालीत माउंट आपोआप सुटणार नाही. हे अंतर टिकते ते टॉर्चच्या केबलचे वजन गॅन्ट्रीवर वेगळ्या ब्रॅकेटने पेलले तरच. केबल माउंटवर लोंबकळत असेल तर हा सगळा हिशोब चुकतो.

बाजूने सुटणारा माउंट खालून येणाऱ्या दाबाला उपयोगाचा नाही, हेही ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात गंजलेल्या प्लेटवर ओहमिक सेन्सिंग (विद्युत संपर्कावरून प्लेट ओळखणे) फसले की झेड अक्ष टॉर्चला प्लेटवर दाबतच राहतो. त्यासाठी क्लॅम्प छोट्या स्लाइडवर तरंगता ठेवून फ्लोट स्विच (क्लॅम्प वर ढकलला गेला की कळवणारा स्विच) बसवावा.

उत्तर ३: लूम_इलेक्ट्रिशियन

माझे बहुतेक काम टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत असते, पण दोन प्लाझ्मा टेबलांचे वायरिंग मी केले आहे. मागावर ताण्याचा धागा तुटला की ड्रॉपर (धाग्यावर टांगलेली धातूची पट्टी) खाली पडतो, संपर्क जुळतो आणि माग थांबतो. इथे नेमके उलटे करावे. माउंटचा सेन्सर नॉर्मली क्लोज्ड (एरवी संपर्क जुळलेला) असावा, म्हणजे टॉर्च सुटला तरी संपर्क तुटेल आणि वायर जळाली किंवा कनेक्टर सैल झाला तरीही तुटेल. ड्रॉपरची वायर तुटली तर माग चालूच राहतो आणि थोडे कापड बिघडते. इथे वायर तुटल्याचे कळले नाही तर ते थेट पुढच्या टॉर्चवर येते.

हा सिग्नल एकाच वेळी दोन कामे करणारा हवा: आर्क तत्काळ बंद करणे आणि फीड होल्ड (हालचाल तात्पुरती थांबवण्याचा आदेश) देणे. तो इमर्जन्सी स्टॉपला जोडू नये, कारण त्यात ड्राइव्हचा पुरवठा जाऊन गॅन्ट्रीची नोंदलेली जागा हरवते आणि अर्धी कापलेली प्लेट वाया जाते. प्लाझ्माच्या विद्युत गोंधळाने खोटे सिग्नल येऊ नयेत यासाठी २४ व्होल्टचा इनपुट आणि शील्डेड केबल वापरावी.

एक हिशोब जरूर करावा. मिनिटाला १५ मीटर, म्हणजे सेकंदाला २५० मिमी वेगाने जाणारी गॅन्ट्री २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाने मंदावली, तरी थांबायला १२.५ मिमी अंतर लागते. तेवढे अंतर सुटलेला टॉर्च मोकळा हलायला हवा, आणि तो प्लेटवर पडू नये म्हणून त्याला एक पातळ स्टीलची दोरी बांधावी.

चिंचोळी_फॅब्रिकेशन

सर्वांचे मनापासून आभार. उचल ६० मिमी केली, भोके आधी आणि कड शेवटी असा क्रम लावला, आणि कोपऱ्यांवर टीएचसी गोठवला. माउंट इथल्याच टूलरूमला करायला दिला आहे. पहिल्या चाचणीत तो जलद हालचालीत दोनदा विनाकारण सुटला. केबल खरोखरच माउंटवर ओढत होती. आता ब्रॅकेट बसवतो आहोत. एकच शंका उरली आहे: माउंट सुटून परत बसवल्यावर कट आहे तिथून पुढे सुरू करावा का?

टूलरूम_सोलापूर

आधी टॉर्चला प्लेटच्या एका ज्ञात कोपऱ्यावर नेऊन कंट्रोलरवर दिसणारी जागा ताडून पाहावी. आपली मोटर स्टेपर असेल, तर आदळताना पावले हुकलेली असू शकतात. अर्धा मिमीसुद्धा फरक दिसला तर होमिंग (मशीनची मूळ जागा निश्चित करणे) पुन्हा करावे. शील्ड आणि नोझल काढून त्यांचे भोक गोल आहे ना हे पाहावे, कारण किंचित वाकलेल्या नोझलने कट तिरका येतो. हे सगळे ठीक असेल तर थांबलेल्या जागेच्या थोडे मागून, टाकाऊ बाजूला पिअर्स करून (आर्कने आरपार भोक पाडून) कट पुढे न्यावा.