Re: डेडलिफ्टने कंबर जाते का?
वर कोणीतरी म्हटलंय की डेडलिफ्टने (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून सरळ उभं राहायचा व्यायाम) कंबर जाते, पण जाते ती पाठ गोल करून उचललं की. माझंही झालंय. आमच्या जिममध्ये छोट्याच प्लेट्स होत्या. मोठी स्टँडर्ड प्लेट 45 सेंमी व्यासाची असते म्हणजे बार जमिनीपासून साधारण 22.5 सेंमी वर राहतो, छोट्या लावल्या की बार पार खाली जातो आणि वाकताना पाठ गोल होतेच, मग आम्ही दोन्हीकडे प्लेटखाली जाड रबर मॅट रचल्या, फरक लगेच कळला. बार नडगीला घासतच वर आला पाहिजे (लांब मोजे घाला, नाहीतर सोलते). 2020 मध्ये 501 किलो उचलणाऱ्या आइसलँडच्या स्ट्राँगमॅन ब्यॉर्नसनचा व्हिडिओ बघून वजन ठरवू नका राव, आधी नुसत्या बारवर रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचितच वाकवून, बार जमिनीवर न टेकवता कमरेतून पुढे झुकायचं) करून कुल्ले मागे ढकलायला शिका.