‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असं आपण का म्हणत नाही? चा, ला, कडे आणि इंग्रजीतलं ‘हॅव’

प्रश्न : कात्रजला आमच्या शेजारच्या मुलीला मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. नववीत आहे, मराठी माध्यम. काल तिनं लिहिलं, ‘निअर मी देअर इज नो पेन’, ‘द टेबल्स लेग इज ब्रोकन’ आणि ‘माय वन फ्रेंड लिव्ज इन हडपसर’. तिन्ही वाक्यं मी दुरुस्त केली, पण कशामुळे चुकलं ते तिला सांगता आलं नाही. मी स्वतः ‘चा-ची-चे म्हणजे अपॉस्ट्रॉफी एस’ एवढंच शिकले होते. कुणी उलगडून सांगाल का?

– ताई, पेनाच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथे आहे. मराठीत ‘हॅव’ला क्रियापदच नाही. आपण ‘असणे’ वापरतो आणि मालकी कशा प्रकारची आहे ते प्रत्ययावर किंवा शब्दयोगी अव्ययावर सोपवतो. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे छत्री आहे. माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. तिच्यात धमक आहे. शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत. या पाचही वाक्यांना इंग्रजीत एकच ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ पुरतं. तुमच्या विद्यार्थिनीनं ‘जवळ’चं भाषांतर ‘निअर’ केलं. ‘जवळ’चा तो अर्थ खराच आहे, पण इथे अंतर मोजायचं नव्हतं.

तिला आधी मराठीतलाच फरक दाखवा. ‘मला भाऊ आहे’ हे नातं झालं. ‘माझ्याकडे भाऊ आहे’ म्हटलं की तो चार दिवस राहायला आलाय असं ऐकणारा समजतो. उलट कुत्रा, गाडी, तिकीट यांना ‘मला’ चालत नाही, ‘माझ्याकडे’च लागतं. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी आपण चुकत नाही. ते एकदा तिच्या लक्षात आलं की ‘इंग्रजी हे सगळे भेद एका क्रियापदात घालते’ हे तिला सहज पटेल.

आणखी एक. ‘तिला दोन बहिणी आहेत’ यात ‘आहेत’ बहिणींमुळे आलं. इंग्रजीत क्रियापद मालकाकडे पाहतं, म्हणून ‘शी हॅज टू सिस्टर्स’. मुलं इथे ‘शी हॅव’ लिहितात, त्यामागे आपलं ‘आहेत’ असावं असं मला वाटतं.

– टेबलाबद्दल मी लिहिते. ‘टेबल्स लेग’ व्याकरणानं चूक नाही, पण कानाला खटकतं. अपॉस्ट्रॉफी एस मुख्यतः माणसं, प्राणी, संस्था, गावं आणि काळ यांना शोभतो : आजीचा चष्मा, आजचा पेपर, आठवड्याची रजा. निर्जीव वस्तूच्या भागाला ‘ऑफ’ लावतात किंवा दोन नामं नुसती शेजारी ठेवतात, ‘टेबल लेग’. हे आपल्याला परकं नाही. राजाचा वाडा तो राजवाडा, हा षष्ठी तत्पुरुष! शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला इंग्रजीतही ‘दिल्ली गेट’च म्हणतात, ‘दिल्लीज गेट’ नाही.

‘माय वन फ्रेंड’चं कारण वेगळं आहे. ‘माय’ आला की तो मित्र ठरलेला, ओळखीचा होतो. त्यापुढे आपला मोघम ‘एक’ बसत नाही. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणायचं, किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. त्यातला शेवटचा एस विसरू देऊ नका. ‘मित्रांपैकी’ एक आहे तो.

– ‘हिज’ आणि ‘हर’सुद्धा घ्या. मराठीत ‘त्याची आई’ म्हटलं की ‘त्या’वरून मालक कळतो आणि ‘ची’वरून आई. इंग्रजीत फक्त मालक कळतो. ‘ची’ पाहून मुलं ‘हर मदर’ लिहितात. पण एका ठिकाणी मराठी जास्त नेमकी आहे : ‘अजय विजयशी भांडला आणि आपली गाडी घेऊन गेला’. इथे गाडी अजयचीच. ‘त्याची’ म्हटलं तर विजयची वाटते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’, फार तर ‘हिज ओन’. ‘आपलं घर’ आणि ‘आमचं घर’ यांनाही एकच ‘अवर’.

– ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी कधी?

– मालकी असेल तर कधीच नाही. हिज, हर्स, अवर्स यांनाही नसतो. अपॉस्ट्रॉफीवालं ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. तसा मालकीचा ‘इट्स’ हा शब्द इंग्रजीतही फार जुना नाही. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या मूळ छपाईत तो नव्हता; मिठाच्या चवीलाही तिथे ‘हिज’ आहे.

– सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिला ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’ची वाक्यं आधी मराठीत करायला लावली, मग इंग्रजीत. पेन, भाऊ, ताप, सगळं बरोबर आलं. शेवटी मी ‘आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो’ दिलं. ‘हॅव’ लिहून तिनं ते स्वतःच खोडलं, थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘गणपती कम्स टू अवर हाउस फॉर वन अँड अ हाफ डेज’.