मुलांची पहिली गोधडी लहानच असू द्या
मुलं गोधडी शिवायला बसतात आणि दोन दिवसांत कंटाळतात, अशी तक्रार असते. बहुतेकदा आकार नडतो. आधी दीड बाय दीड फुटाचं आसन शिवायला द्या. वर-खाली जुनं सुती लुगडं, मध्ये दोन थर, पुरे. सिंथेटिक साडी नकोच, थर सरकतात. नवं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि चुण्या पडतात. थर ताणून चार-चार बोटांवर कच्चे टाके, म्हणजे नंतर काढायचे तात्पुरते टाके, घाला. हे टाळलं की मध्ये फुगा येतो. मग धावदोरा, म्हणजे कापडातून वर-खाली जाणारा साधा टाका. दोरा हातभरच घ्यावा, लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि मुलं तिथेच सोडून देतात. वाकडे टाके राहू द्या! घट्ट ओढलेले मात्र उसवा, त्यांनी कापड गोळा होतं.