आइसलँडने बँका बुडू दिल्या म्हणजे नेमकं काय झालं?

पाऊलवाट:

२००८ च्या मंदीबद्दल वाचतेय. आइसलँडचं नाव निघालं की सगळीकडे तीच तीन वाक्यं: बँका बुडू दिल्या, बँकवाल्यांना तुरुंगात टाकलं, लोकांची कर्जं माफ केली. मला हे फार गुळगुळीत वाटतं. देश सव्वातीन लाख वस्तीचा, आणि तीन बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दहापटीच्या आसपास. त्या तिन्ही एका आठवड्यात कोसळल्यावर दुसऱ्या दिवशी लोकांनी दूध कसं विकत घेतलं? पगार कुठून झाले? ज्यांच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं त्यांचं काय? त्या काळात तिकडे राहिलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा. आकडे कुठेही मिळतात, घरात काय चाललं होतं ते मिळत नाही.

भूगर्भी:

मी २००६ ते २०१२ रेक्याविकमध्ये होतो, भूऔष्णिक ऊर्जेवर पीएचडी करत. एका घराच्या तळमजल्यावरची खोली भाड्याने घेतली होती. वर मालक राहायचे: ती नर्स, तो सुतार, दोन मुलं. सांगतोय ते बरंचसं त्याच घरातलं आहे.

६ ऑक्टोबर २००८, सोमवार. पंतप्रधान गेइर हार्दे टीव्हीवर बोलणार म्हणून तिने मला वर बोलावलं. माझी आइसलँडिक तेव्हा अर्धीमुर्धीच होती, पण शेवटचं वाक्य समजलं: देव आइसलँडचं भलं करो. ती कप खाली ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. आमचे पुढारी भाषणात देवाला आणत नाहीत, असं तिने मला नंतर सांगितलं. गोष्ट हाताबाहेर गेलीय हे तिला त्या एका वाक्यावरून कळलं होतं.

त्याच रात्री संसदेने तातडीचा कायदा मंजूर केला. ७ तारखेला लान्ड्सबांकी आणि ग्लितनिर सरकारी नियंत्रणाखाली गेल्या, ९ तारखेला कौपथिंग. आता तुमच्या दुधाचं. दूध कार्डावरच घेतलं. मी स्वतः त्या आठवड्यात दुकानात कार्ड दिलं तेव्हा छातीत धडधडत होतं. पावती नेहमीसारखी बाहेर आली. १ नोव्हेंबरला माझी शिष्यवृत्तीही जमा झाली.

हे नशिबाने झालं नाही. त्या कायद्याने बुडालेल्या बँकेकडून पैसे परत मिळायच्या रांगेत ठेवीदारांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं, रोखेधारकांच्याही, म्हणजे रोखे घेऊन बँकांना कर्ज देणाऱ्यांच्याही पुढे. देशातल्या ठेवी आणि देशातली कर्जं उचलून सरकारने नव्याने काढलेल्या बँकांमध्ये नेली. परदेशातून उचललेलं अवाढव्य कर्ज जुन्या बँकांच्या सांगाड्यात राहिलं, आणि त्याचा फटका मुख्यतः परदेशी रोखेधारकांना बसला. शाखा तीच, खिडकीमागची बाईही तीच. मला विचाराल तर त्या देशाला सावरणारा सगळ्यात मोठा निर्णय हाच.

'बुडू दिल्या' हे मात्र पूर्ण खरं नाही. आठवडाभर आधी, २९ सप्टेंबरला, सरकारने ६० कोटी युरो देऊन ग्लितनिरचा ७५ टक्के हिस्सा घ्यायची घोषणा केली होती. वाचवायची इच्छा होती. तेवढं परकीय चलन कुणाकडे नव्हतं.

पाऊलवाट:

खूप आभार, भूगर्भी. म्हणजे खात्यातले पैसे सुरक्षित राहिले. मग लोक जानेवारीत भांडी बडवत रस्त्यावर का आले? आणि कर्जमाफीचं काय?

भूगर्भी:

खातं वाचलं, कर्ज फुगलं. लोक रस्त्यावर आले त्यात या कर्जाचा वाटा फार मोठा होता. जरा सविस्तर लिहितो, कारण हे कुणी नीट सांगत नाही.

तिथलं घराचं कर्ज तेव्हा बहुधा महागाईशी बांधलेलं असायचं. महागाई जितकी वाढेल तितकी मुद्दलात भर पडते. २००८ च्या सुरुवातीला एक युरो ९० क्रोनांच्या (क्रोना हे आइसलँडचं चलन) आसपास होता, वर्षअखेरीस १७०. देशात बऱ्याच गोष्टी बाहेरून येतात, त्यामुळे सगळंच महागलं आणि जानेवारी २००९ मध्ये महागाईचा वार्षिक दर १८ टक्क्यांच्या वर गेला. २ कोटी क्रोनांचं कर्ज धरा. या दराने वर्षभरात मुद्दल ३६ लाखांनी वाढतं. हप्ता एकही न चुकवता! आणि घराची किंमत त्याच वेळी खाली येत असते.

आमच्या घरात याच्या जोडीला गाडीचं कर्ज होतं, अर्धं जपानी येनमध्ये, अर्धं स्विस फ्रँकमध्ये. व्याज कमी पडतं म्हणून बँकेनेच सुचवलेलं. क्रोना कोसळल्यावर ते वर्षभरात दुपटीच्या वर गेलं. गाडी विकून अर्धंही फिटलं नसतं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बँकेची पत्रं तारखेप्रमाणे लावायची आणि प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा लिहायची. मुलं जेवायला बसली की गठ्ठा उचलून फ्रिजवर ठेवायची. तो फ्रिज मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

तिच्या सुतार नवऱ्याचं काम नोव्हेंबरातच थांबलं. शहरभर अर्धवट इमारती आणि त्यांच्यावर न हलणाऱ्या क्रेन. बंदरावरचं हार्पा सभागृह तेवढं सरकार आणि नगरपालिकेने पुढे नेलं. २००९ च्या वसंतात तो नॉर्वेला गेला. तिकडे सुतारांना काम होतं आणि पगार नॉर्वेच्या क्रोनांत. महिन्यातून एकदा घरी यायचा. बेकारी ८-९ टक्क्यांवरच थांबली असं वाचाल तेव्हा ही देश सोडून गेलेली माणसंही आठवा.

२० जानेवारीला संसदेचं अधिवेशन पुन्हा सुरू झालं, तेव्हा रात्रपाळी करून आलेली ती बाई पातेलं आणि लाकडी चमचा पिशवीत घालून संसदेसमोरच्या आउस्तुरवोल्लुर चौकात गेली. मी कडेला उभा होतो. ती कधी मोठ्याने बोलतानाही मी ऐकलं नव्हतं. आठवडाभरात सरकार गेलं आणि १ फेब्रुवारीला योहाना सिगुर्दारदोत्तिर पंतप्रधान झाल्या.

सरसकट माफी कधीच झाली नाही. सुटका तुकड्यातुकड्यांनी झाली. आधी हप्ते हलके केले, घरांचे लिलाव काही काळ रोखले. जून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परकीय चलनाशी बांधलेली क्रोनांची कर्जं बेकायदा ठरवली. त्या दिवशी तिने नॉर्वेला फोन लावला आणि काही न बोलता रडली. सप्टेंबरात त्याच न्यायालयाने सांगितलं की या कर्जांना आधीचं स्वस्त व्याज लागू होणार नाही, तेव्हा आनंद निम्मा झाला. पुढे घराच्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं कर्ज कमी करून मिळायला लागलं. २०१४ मध्ये नव्या सरकारने महागाईशी बांधलेल्या गृहकर्जांत जास्तीत जास्त ४० लाख क्रोनांची कपात दिली.

कोरा_कागद:

भूगर्भी, उत्तम लिहिलंय, पण एक बाजू राहिली. ठेवीदार रांगेत पुढे आले, पण नव्या बँकांत हलवल्या गेल्या त्या फक्त देशातल्या ठेवी. लान्ड्सबांकीने आइससेव्ह नावाने ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या लाखो लोकांच्या ठेवी घेतल्या होत्या, त्यांना आधी त्यांच्याच सरकारांनी भरपाई दिली. मग जवळपास ४०० कोटी युरोंची मागणी आइसलँडच्या करदात्यांकडे आली. जनतेने ती दोनदा नाकारली, मार्च २०१० मध्ये ९३ टक्क्यांनी आणि एप्रिल २०११ मध्ये साधारण ६० टक्क्यांनी. जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाचा निकाल आइसलँडच्या बाजूने लागला. निकाल उलटा लागला असता तर आज आपण या देशाचं कौतुक करत बसलो नसतो.

भूगर्भी:

बरोबर आहे, ते राहिलं. एक जोडतो: मूळ देणं शेवटी लान्ड्सबांकीच्याच मालमत्तेतून फिटलं. पण ब्रिटनने दहशतवादविरोधी कायदा वापरून त्या बँकेची मालमत्ता गोठवली, तो घाव लोक विसरले नाहीत. आमच्या नर्सबाईंनी तेव्हा मला विचारलं होतं, मी दहशतवादी दिसते का? त्याउलट फॅरो बेटांनी, जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या, ३० कोटी डॅनिश क्रोनांचं कर्ज देऊ केलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाचे २१० कोटी डॉलर मोठे खरे, पण त्या घरात फॅरोचं नाव आजही वेगळ्या आवाजात घेतलं जातं.

तुरुंगाचं खरं आहे, पण उशिरा. आक्रानेस या लहान गावचे पोलीसप्रमुख ओलाफुर हौक्सन या प्रकरणांत खटले भरणारे विशेष अभियोक्ता झाले, कारण पहिल्या जाहिरातीला कुणी अर्जच केला नव्हता. कौपथिंगच्या एका खटल्यात चौघांना ४ ते साडेपाच वर्षांच्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाल्या त्या २०१५ मध्ये. त्याआधी, एप्रिल २०१० मध्ये, बँका का कोसळल्या याच्या चौकशी आयोगाचा दोन हजारांहून जास्त पानांचा अहवाल आला, तेव्हा शहराच्या नाट्यगृहात नटांनी तो रंगमंचावरून सलग वाचला, रात्रीसुद्धा. ती कामावरून सुटून तासभर जाऊन बसली. ऐकून आल्यावर म्हणाली, माझ्या पत्रांवरचे आकडे कुठून आले ते आज कळलं.

पाऊलवाट:

ते कुटुंब आता कसं आहे?

भूगर्भी:

तो २०१४ मध्ये परत आला. पर्यटक वाढल्यावर हॉटेलं बांधली जाऊ लागली, तिथे त्याला काम मिळालं. मोठी मुलगी मात्र नॉर्वेतच शिकली आणि तिथेच राहिली. घर आहे. कर्ज २००५ चं, ४० वर्षांचं, अजून चालू आहे.