दिवाळीच्या सुट्टीत व्हिक्टोरिया धबधबा: कमी खर्चात जमेल का?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आता निवृत्त आहेत, वय 67. आफ्रिकेतल्या झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरची झांबेझी नदी आणि तिच्यावरचा व्हिक्टोरिया धबधबा त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवला, तो एकदा त्यांना डोळ्यांनी दाखवायचाय. मीही शिक्षक, म्हणजे जायचं ते सुट्टीतच. दिवाळीच्या सुट्टीतलं विमानाचं तिकीट मे-जूनपेक्षा स्वस्त दिसतंय. राहायला साधी खोली चालेल, हेलिकॉप्टर वगैरे नको. झांबियाच्या बाजूला खर्च कमी येतो म्हणतात, म्हणून तिकडेच राहून तिकडूनच बघून यायचा विचार आहे. कुणी जाऊन आलंय का? वडील शाकाहारी आहेत, त्याचीही काळजी वाटते.

लष्करातली_काकू:
बाळा, तिकीट काढायच्या आधी हे वाच. माझे मिस्टर इथली गिरणी बंद पडल्यावर झांबियात कापडाच्या कारखान्यात नोकरीला होते. घरी कुणी पाहुणा आला की त्याला धबधबा दाखवायला नेणं ठरलेलंच, त्यामुळे तो मी सगळ्या ऋतूंत बघितलाय.

स्वस्त तिकीट आणि झांबियाची बाजू, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण दिवाळीत ती दोन्ही एकत्र करू नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबेझीचं पाणी सगळ्यात कमी असतं आणि झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा पडतो. काळ्या दगडाची उभी भिंत दिसते, तिच्यावरच्या भेगा मोजता येतील इतकी स्वच्छ. एखाद्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार पडत असते. इतक्या लांबून आलेल्या माणसाचं तोंड उतरतं, मी पाहिलंय. पाण्याचा मुख्य भाग झिम्बाब्वेच्या समोर येतो आणि तो बाराही महिने वाहतो.

मग एप्रिलात जावं, तर पाणी सर्वात जास्त तेव्हाच. धबधबा सुमारे 1,700 मीटर रुंद आणि 108 मीटर उंच आहे, पण त्या दिवसांत समोर उभं राहून फक्त पांढरं दिसतं. तुषार खालून वर येतात, रेनकोटच्या बाहीतून कोपरापर्यंत पाणी शिरतं, चष्मा पुसून उपयोग नाही. आवाज मात्र छातीत जाणवतो. मे महिन्यातही बऱ्यापैकी तसंच.

म्हणून माझं ऐकशील तर जूनचा पहिला आठवडा धर. शाळा साधारण 15 जूनला सुरू होतात, तेवढ्यात बसतं. पाणी भरपूर असतं आणि तुषारांचा पडदा विरळ झालेला असतो, कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. तिकडे तेव्हा हिवाळा. रात्री चांगलीच थंडी पडते, वडिलांसाठी स्वेटर आणि आपली एक चादर घे. वटपौर्णिमा त्याच सुमारास येत असेल तर फारच छान. पौर्णिमेच्या रात्री धबधब्यावर चंद्राच्या प्रकाशातलं इंद्रधनुष्य दिसतं आणि त्यासाठी धबधब्याभोवतीचं उद्यान रात्री उघडं ठेवतात. तिकिटात वाचवलेले पैसे कोरड्या कड्यासमोर उभं राहून परत मिळत नाहीत रे, आधी महिना ठरव, मग तिकीट.

राहणं लिव्हिंग्स्टन गावात, झांबियात. धबधबा तिथून दहाएक किलोमीटर, वाटून घ्यायची टॅक्सी मिळते. झांबियाच्या उद्यानाचं तिकीट परदेशी माणसाला सुमारे 20 डॉलर, झिम्बाब्वेचं सुमारे 50. झिम्बाब्वेचं महाग वाटेल, पण तो एक दिवस कापू नकोस. दोन देशांमधला पूल चालत ओलांडता येतो. दोन्ही देशांसाठी मिळून ‘काझा’ नावाचा 50 डॉलरचा व्हिसा आहे. भारतीय पासपोर्टला त्या महिन्यात काय लागू आहे ते दोन्ही देशांच्या इमिग्रेशनच्या साइटवर बघूनच तिकीट काढ. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर पूल ओलांडला की तो संपतो, हे ध्यानात असू दे.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस:
काकूंनी मुख्य ते सांगितलं. मी औषधांच्या दुकानात आहे, म्हणून लसीचं लिहितो. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त तिकिटं मिळतात, पण इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचे (यलो फिव्हरचे) देश. परत येताना भारतात त्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि ते आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्या माणसाला ही लस देण्याआधी डॉक्टर नीट तपासतात. कधी कधी देऊ नये असंही सांगतात. त्यामुळे वडिलांना आधी डॉक्टरांकडे न्या, मग मार्ग ठरवा. लस जमत नसेल तर दुबईहून लुसाकाला विमान आहे. लुसाका ते लिव्हिंग्स्टन बसनं सुमारे 470 किलोमीटर, दिवसाची बस घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा, हिवाळा असला तरी.

लष्करातली_काकू:
जेवणाचं राहिलं. तिकडे रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं न्शिमा, झिम्बाब्वेत त्यालाच साद्झा म्हणतात. सोबत पालेभाजी मागितली की वडिलांचं पोट भरेल, आपल्याला ती चव परकी वाटत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र भरपूर घे, विमानातही कामी येते. ती पिशवी धबधब्याच्या वाटेवर हातात धरू नकोस. बबून माकडं पिशवी हिसकतात, खांद्याच्या बंद बॅगेत ठेव.

जुळे_सोलापूरकर:
काकू, दादा, खूप आभार. जूनचं वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश प्रवाशानं धबधबा पाहिला तो 16 नोव्हेंबर 1855 ला, म्हणजे कमी पाण्यातच. मग आपणही तेव्हा गेलो तर काय बिघडलं? दगडही बघायचाय म्हणतात. त्यांचे गुडघे दुखतात, हे विचारायचं राहिलं होतं.

लष्करातली_काकू:
गुरुजींना नमस्कार सांग, मुद्दा बरोबर आहे त्यांचा. पाणी कमी होतं म्हणून तर तो होडीतून कड्यावरच्या बेटापर्यंत जाऊ शकला. आणि दगड बेसाल्टच आहे, आपल्या पायाखाली आहे त्याच जातीचा, फक्त तिकडचा कितीतरी जुना. त्याच्या भेगांमध्ये मऊ थर भरलेले होते, ते नदीनं कोरून काढले आणि धबधबा एकेक घळ मागं सोडत वरच्या बाजूला सरकत आला. त्या नागमोडी घळी जूनमध्येही दिसतात, त्यासाठी नोव्हेंबर नको.

गुडघ्यांसाठी झिम्बाब्वेची बाजू बरी, वाट सपाट आहे आणि थांबत थांबत जाता येतं. झांबियाकडून खाली ‘बॉइलिंग पॉट’ नावाच्या भोवऱ्याच्या डोहापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या गुरुजींनी टाळाव्यात, चढून येताना धाप लागते. त्याऐवजी 1905 च्या पुलावर त्यांना मध्यापर्यंत ने. तिथून दुसरी घळ सरळ पायाखाली दिसते, नदी 128 मीटर खाली. नुसतं पुलापर्यंत जाऊन यायचं असेल तर सीमेवर वेगळा पास देतात, व्हिसा खर्ची पडत नाही. सकाळी लवकर जा, ट्रक कमी असतात.