'लागण' म्हणायला काय हरकत आहे?

प्रश्न

एका समाजातली चालरीत, कल्पना, खाणंपिणं दुसऱ्या समाजात कसं जातं, यावरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. 'डिफ्यूजन'ला शब्द हवाय. 'प्रसार' आहे, पण प्रसार म्हटलं की तो करणारा कुणीतरी लागतो. धर्मप्रसार, शिक्षणप्रसार. माझ्या प्रकरणात कुणीच काही मुद्दाम करत नाही, गोष्टी आपल्या शेजारी जातात. राहते सोलापुरात. गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळं आहे, त्यामुळे उदाहरणांना तोटा नाही. शब्द तेवढा मिळत नाही.

प्रतिसाद

शाळेच्या विज्ञानात 'विसरण' आहे की. अत्तराचा वास खोलीभर पसरतो, ते.

प्रतिसाद

विसरण नको. निम्मे लोक 'विसरणं' वाचतील. 'अभिसरण' रक्ताचं झालं, आणि 'संक्रमण' म्हटलं की सोलापूरकराला आधी संक्रांतीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवते.

माझं म्हणणं, नामाच्या मागे लागू नका, क्रियापद बघा. मराठीत सवय लागते, गोडी लागते, नाद लागतो, वळण लागतं. 'मला सवय लागली' यात मी कर्ता नाहीच, सवयच येऊन चिकटली. रोप दुसऱ्या वाफ्यात लावलं आणि चार दिवसांनी तरारलं की 'लागलं' म्हणतो. दहीही लागतं. लावणं आपल्या हातात असतं, लागणं नसतं.

आमच्या शेजारी पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातलं, कुटुंब आहे. तिथल्या अक्का पहिल्यांदा वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जरा तोडू द्या." आई गोंधळली, काय तोडायचंय यांना? तेलुगूत विरजणाला 'तोडू' म्हणतात, आणि तोडू म्हणजे सोबत. दुधाला सोबत द्यायची! आता थंडीत दही पातळ राहिलं की आईच म्हणते, "तोडू कमी पडला." गंमत बघा, अक्का आमच्याकडून विरजण न्यायला आल्या होत्या. शब्द ठेवून गेल्या.

तेव्हा 'लागण' घ्या. सांस्कृतिक लागण.

प्रतिसाद

लागण? कोरोनानंतर? वाचणारा मास्क शोधेल.

प्रतिसाद

शहरात राहता वाटतं. पंढरपूर-माळशिरसकडे जाऊन 'लागण' म्हणा, लोक ऊस किती एकर म्हणून विचारतील. जुलै-ऑगस्टमधली ती आडसाली लागण. रोगाला हा शब्द आहे तसा पिकालाही आहे.

पण मला वेगळंच विचारायचंय. वस्तू येते तेव्हा नाव बरोबर आणते का? मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. आपण तिखटाच्या जुन्या मालकाचं, मिऱ्याचं नाव तिला दिलं. कानडीनं तेच केलं, मेणसु म्हणजे मिरं आणि मेणसिनकाई म्हणजे मिरची. तेलुगूतही मिरियालु आणि मिरपकाय. तिन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता परक्या पाहुणीला घरातलं जुनं नाव दिलं. बटाटा मात्र पोर्तुगीज नाव घेऊनच मराठीत शिरला. कानडीनं तिथंही ऐकलं नाही, आलूगड्डे म्हणून मोकळी.

उलटही होतं. अडकित्ता कानडीतला. अडके म्हणजे सुपारी, कत्ती म्हणजे सुरी. मराठीत येताना सुपारी गळून पडली, म्हणून आपण बिनदिक्कत 'सुपारीचा अडकित्ता' म्हणतो. त्या अडकेची मल्याळी बहीण अडक्का पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेली आणि तिकडे 'अरेका' झाली.

प्रश्नकर्ती

अर्थ गळून नुसता शब्द राहतो याचं उदाहरण तर दरवर्षी डोळ्यांसमोर असतं. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्यात कानडी मंत्रातलं 'दिड्डम' कानावर पडलं की हजारो हात एकदम उठतात. त्यातल्या कितीतरी जणांना कानडीचं अक्षर कळत नाही, पण अक्षता कधी टाकायच्या ते बरोबर कळतं. माझ्यासकट.

'लागण'वर मन बसतंय. भीती फक्त संपादकांची.

प्रतिसाद

'लागणे'चा आणखी एक गुण राहिला. 'करायला लागलो' म्हणजे सुरुवात, 'करावं लागतं' म्हणजे सक्ती. आमच्याकडे तेच झालं. धाकटी बहीण शेजारच्या बतकम्मात, तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणात, नुसती फुलं रचायला जायची, हौस म्हणून. आपल्या हादग्यासारखंच फेर धरायचा, फक्त मध्ये हत्तीऐवजी फुलांची उतरंड. मग ती घरीच करायला लागली. ती सासरी गेल्यावर वहिनीला करावं लागलं, कारण गल्लीतल्या बायका आता आमच्याही दाराशी थांबतात. आणि तरवडाची पिवळी फुलं आणायला पहाटे सायकल घेऊन मला जावं लागतं. याला प्रसार कोण म्हणेल?

प्रश्नकर्ती

ठरलं. मथळ्यात 'प्रसार' ठेवते, आत 'लागण' लिहिते. संपादक मथळाच वाचतात.

प्रतिसाद

जाता जाता. पुण्याहून बदलून आलेले आमचे साहेब सहा महिने आमचं 'काय बे' ऐकून नाक मुरडायचे. परवा घरी फोनवर बायकोलाच म्हणाले, "काय बे, जेवलीस का?" सध्या डबा बंद आहे. हे तुमच्या प्रकरणात घ्या, नाव घालू नका.